गोचीड ताप: फवारणी होऊनही गाय का पडते, आणि कामाचा बरोबर क्रम

पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही दूध संकलन केंद्रावर उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर येतं. "अहो, पंधरा दिवसांपूर्वीच तर फवारणी केली होती!" फवारणी केलेली असते हे खरं. पण ती गाईवर केलेली असते. गोठ्याची भिंत, गव्हाणीचा तळ, कोपऱ्यातली पोती, दावणीचे खुंट हे सगळं तसंच राहतं. शिवाय ताप आलेल्या गाईला आधी ताप उतरवायचं इंजेक्शन दिलं जातं आणि रक्ताचा नमुना चौथ्या दिवशी घेतला जातो. औषधं सगळी बरोबर असतात, घोटाळा क्रमात असतो.

मीही हा घोटाळा केलेला आहे. पहिल्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) कालवड, विऊन वीस दिवस झालेले, ताप 105 फॅरनहाइट. तीन दिवस सकाळी इंजेक्शन, संध्याकाळी ताप खाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. चौथ्या दिवशी पापणी उलटून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. तोवर उशीर झाला होता. गाईच्या अंगावर तेव्हा एकही गोचीड नव्हती, म्हणून गोचीड तापाची शंकाच आली नाही. नंतर गव्हाणीमागची पोती उचलली, तेव्हा कळलं गोचिडी कुठे होत्या ते.

## आधी एवढं समजून घ्या, नाहीतर पुढचं काम वाया

आपल्याकडे गोचिडीमुळे होणारे रक्ताचे आजार मुख्यत: तीन. थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा. गावात तिन्हींना सरसकट "गोचीड ताप" म्हणतात, पण तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि रोग पसरायची वाटही वेगळी आहे.

थायलेरिया पसरवते ती हायलोमा जातीची गोचीड. तपकिरी, लांब पायांची, पायांवर फिकट पट्टे, चालायला चपळ. लहानपणी ती आजारी किंवा वाहक जनावराचं रक्त पिते, खाली पडते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावरावर चढते. रोग तिच्याबरोबर जातो. म्हणजे एका गाईचा थायलेरिया दुसऱ्या गाईत पोहोचतो तो भिंतीतून. दोन गाई एकमेकींना चिकटून बांधल्या म्हणून तो लागत नाही.

बबेसिया पसरवणारी गोचीड वेगळी. पाय आखूड आणि फिकट, रक्त पिऊन फुगली की निळसर करडी, एरंडीच्या बीएवढी. ही जवळजवळ तीन आठवडे एकाच गाईवर राहते, तिथेच मोठी होते आणि अंडी घालायलाच खाली उतरते. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. हिच्याकडून रोग अंड्यांतून पिलांत उतरतो.

ॲनाप्लाझ्मा गोचिडीने पसरतो, चावणाऱ्या माश्यांनी पसरतो आणि आपल्या हाताने सुद्धा. एकच सुई दहा जनावरांना, तेच शिंगं कापायचं हत्यार, तोच बिल्ला मारायचा चिमटा, यांतून.

आणखी एक गोष्ट. हायलोमा चिकटली की लगेच रोग देत नाही. तिच्या लाळेत थायलेरियाचे जंतू तयार व्हायला साधारण दोन ते चार दिवस रक्त पिणं लागतं. रोज हात फिरवून गोचीड काढणाऱ्या माणसाला हेच दोन दिवस मिळतात. आठवड्यातून एकदा पाहणाऱ्याला मिळत नाहीत.

## तयारी: काम सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

डिजिटल थर्मामीटर, तोही फक्त गोठ्याचा. वही आणि पेन्सिल. शिंप्याचा टेप. सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज, औषध मोजायला. रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, जुना चष्मा. झाकणाचा डबा, त्यात थोडं रॉकेल किंवा साबणाचं घट्ट पाणी. चिमटा. आणि फवारणीचा पंप.

पंपाबद्दल जरा थांबून सांगतो. शेतात तणनाशक मारलेला पंप गाईवर चालवू नका. तीन वेळा धुतला तरी नाही. पाईपमध्ये, नोझलमध्ये, वॉशरखाली काय राहतं ते डोळ्यांना दिसत नाही. गोठ्यासाठी पंप वेगळा ठेवा, त्याच्यावर रंगाने "गोठा" लिहा आणि शेजाऱ्याला उसना देऊ नका. शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, माहीत आहे.

सावधान: पिकावरचं कीटकनाशक जनावराच्या अंगावर कधीही नाही. मोनोक्रोटोफॉसच्या उरलेल्या बाटलीने गोचीड मरते, गायही मरते. तंबाखूच्या पाण्याचंही तेच. रॉकेल चोळलं की कातडी भाजते आणि गोचीड कानात खोल शिरते.

## टप्पा 1: पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या जनावरांचा ताप घ्या

पंप भरण्याआधी हे. आजारी जनावर आधी ओळखलं नाही, तर फवारणीच्या धावपळीत ते दोन दिवस तसंच राहतं.

उन्हं वर येण्याआधी, धारेच्या वेळी, एका बाजूने सुरू करा. थर्मामीटर गुदद्वारात थोडं तिरकं, आतल्या भिंतीला टेकलेलं हवं. शेणाच्या गोळ्यात खुपसलं तर आकडा चुकतो. निरोगी गाईचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आसपास. 103 च्या वर गेलं की त्या गाईच्या नावापुढे फुली मारा. थायलेरियात 104 ते 106 पर्यंत सहज जातो, आणि गंमत अशी की पहिल्या दिवशी गाय वैरण खात असते. म्हणूनच "खाते आहे, मग काय झालंय" हा अंदाज फसतो.

ताप घेताना तीन गोष्टी हाताने आणि डोळ्याने पाहा:

1. खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी बोटं खोल दाबत न्या. एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना लिंबाएवढी किंवा मोठी गाठ लागली तर थायलेरियाचा दाट संशय. मांडीच्या पुढे, कुशीच्या खालच्या बाजूलाही अशीच गाठ असते.
2. खालची पापणी अंगठ्याने उलटा. गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढुरकी किंवा पिवळट असेल तर रक्त कमी झालंय. मादीत योनीचा आतला भागही पाहा, तिथे रंग जास्त स्पष्ट कळतो.
3. लघवी. कॉफीसारखी, काळपट लाल लघवी आणि ताप असेल तर बबेसिया आधी डोक्यात आणा. पण ताज्या विलेल्या गाईत लाल लघवी फॉस्फरसच्या कमतरतेनेही होते, तेव्हा ताप सहसा नसतो. इथे थर्मामीटरच उपयोगी पडतो.

ॲनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही. रक्त कमी होतं, कावीळ दिसते, शेण घट्ट आणि कोरडं पडतं.

तपासा: वहीत प्रत्येक जनावरापुढे ताप, गाठ, पापणी आणि लघवी ही चारही घरं भरली का? "बरी आहे" असं लिहिलेलं घर रिकामंच समजा.

## टप्पा 2: नमुना आधी, इंजेक्शन नंतर

फुली मारलेली जनावरं वेगळ्या जागी, सावलीत बांधा. त्यांना चालवत दवाखान्यात नेऊ नका. रक्त कमी झालेली गाय एक किलोमीटर चालवली तर वाटेतच बसते. डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा. जवळच्या दवाखान्यात कुणी मिळत नसेल तर 1962 वर फोन करा.

डॉक्टर आले की पहिली विनंती नमुन्याची करा. पुष्कळदा आपणच म्हणतो, "साहेब, आधी इंजेक्शन द्या, बाकी नंतर." मग काचपट्टीवर काही दिसत नाही आणि तिन्ही आजारांची औषधं अंदाजाने चालू राहतात.

कानाच्या टोकाच्या बारीक शिरेतल्या रक्ताच्या दोन काचपट्ट्या घ्याव्या लागतात. थायलेरियाचा संशय असेल तर डॉक्टर सुजलेल्या गाठीतूनही सुईने नमुना घेतात, आणि रोगाच्या सुरुवातीला तोच जास्त बोलका असतो. पट्टी सावलीत वाळवायची, गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवायची नाही. माश्या बसू द्यायच्या नाहीत. गाईचा बिल्ला क्रमांक पेन्सिलीने पट्टीच्या टोकावर. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं तर नळी हळू उलटीसुलटी करायची, हिसडायची नाही, आणि बर्फाच्या डब्यात न्यायची, पण बर्फाला थेट चिकटवून ठेवायची नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, उदाहरणार्थ शिरवळला, तपासणी होते.

गाय फारच खालावलेली असेल तर निकालाची वाट न पाहता डॉक्टर उपचार सुरू करतील. ते योग्यच. पट्टी मात्र त्याआधी घेतलेली असावी, एवढंच.

### मात्रा वजनावर ठरते, बाटलीवर नाही

थायलेरियावर ब्युपारव्हाक्वोन, बबेसियावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. ही डॉक्टरांनीच द्यायची औषधं. तुमचं काम वजन सांगणं, कारण गोठ्यात सगळ्यांत मोठी चूक इथे होते. ब्युपारव्हाक्वोन महाग. मालक म्हणतो, एका बाटलीत भागवा.

वजन असं काढा. टेपने पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बाजूला बैठकीच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. उत्तर किलोत येतं.

घेर 72, लांबी 60 असेल तर 72 × 72 × 60 = 3,11,040. भागिले 660, म्हणजे सुमारे 470 किलो. ब्युपारव्हाक्वोन दर 20 किलोला 1 मिली लागतं, म्हणजे या गाईला साडेतेवीस मिलीच्या आसपास. 20 मिलीची एक बाटली इथे कमी पडते. शिवाय एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त द्यायचं नसतं, मानेच्या स्नायूत दोन-तीन जागी वाटून द्यावं लागतं. अर्ध्या मात्रेने ताप दोन दिवस दबतो आणि मग दुप्पट जोराने उलटतो.

सावधान: फक्त ताप उतरवणारं इंजेक्शन देऊन थांबणं म्हणजे धूर दाबून आग तशीच ठेवणं. स्टेरॉईडचं इंजेक्शन स्वत:च्या मनाने तर अजिबात नाही, त्याने गाईची उरलीसुरली प्रतिकारशक्ती जाते.

तपासा: प्रत्येक जनावराला नवी सुई. दूध किती दिवस केंद्रावर घालायचं नाही हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहिलं का? आजारी गाईच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून डब्यात टाकल्या का? तिच्यावरची प्रत्येक लहान गोचीड खाली उतरली की पुढच्या गाईसाठी रोग घेऊन जाते.

## टप्पा 3: गोठ्यात गोचीड नेमकी कुठे आहे ते शोधा

हा टप्पा सगळे गाळतात. तासाभराचं काम आहे, टॉर्च घ्या आणि गुडघ्यावर बसा.

त्या दिवशी गव्हाणीमागची पोती मी उचलली तर खालच्या बाजूला तपकिरी, चकचकीत, राळ्याच्या दाण्यांसारखे पुंजके होते. पहिल्यांदा वाटलं सुग्रास (पशुखाद्य) सांडलाय. बोटाने हलवलं तर चिकट. ती अंडी होती. शेजारी सुरकुतलेली मेलेली मादी. एका पोत्याखाली असे सात पुंजके मोजले.

शोधायच्या जागा: दगडमातीच्या भिंतीतल्या फटी, माणसाच्या उंचीपर्यंत. हायलोमा भिंतीवर चांगली वर चढते, म्हणून फक्त खालचा हातभर भाग पाहून चालत नाही. छपराच्या लाकडी खांबांच्या साली, गव्हाणीचा तळ आणि मागची बाजू, दावणीच्या खुंटाभोवतीची पोकळ माती, विटांचा ढीग, लटकवलेली दावी, जुनी झूल, पोती. मुक्त संचार गोठ्यात कुंपणाचे लाकडी खांब आणि कडेचं गवत. दुसऱ्या जातीची, निळसर फुगणारी गोचीड जास्त करून जमिनीवर, गवतात आणि उकिरड्याच्या कडेला अंडी घालते.

सापडेल तिथे खडूने खूण करा. या खुणा पाचव्या टप्प्यात लागतील.

सावधान: गोचीड बोटांनी किंवा नखाने फोडू नका. हायलोमा माणसाला क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप देऊ शकते. 2011 साली गुजरातेत त्याचे रुग्ण सापडले होते. चिमटा, मोजे आणि डबा यांना पर्याय नाही.

## टप्पा 4: गाईवर फवारणी

### कोणतं औषध

बाजारात नावं पन्नास, गट तीन-चार. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन हे एकाच, पायरेथ्रॉइड गटातले. एकाने गुण येत नाही म्हणून दुसरं आणलं तर नाव बदललं, गट तोच राहिला. ॲमिट्राझ वेगळ्या गटातलं. आयव्हरमेक्टिन तिसऱ्या गटातलं, पण दुधात उतरतं, म्हणून दुभत्या गाईला नको. एक गट एका हंगामात धरा, पुढच्या हंगामात गट बदला. दर पंधरवड्याला दुकानदार देईल ते मारणं आणि वर्षानुवर्षं एकच मारणं, दोन्हींनी गोचिडी निबर होतात.

सावधान: गोठ्यात घोडा किंवा शिंगरू असेल तर त्याच्या जवळपास ॲमिट्राझ नको, घोड्याचं पोट बंद पडतं. पायरेथ्रॉइड गटाने मांजर मरू शकते, मासे तर मरतातच. उरलेलं पाणी ओढ्यात, शेततळ्यात सोडायचं नाही.

### मोजमाप

बुचाने मोजणं बंद करा. प्रत्येक कंपनीचं बूच वेगळं असतं. 12.5 टक्क्यांचं ॲमिट्राझ गोचिडीसाठी लिटरला 2 मिली, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 32 मिली. दुसरं कुठलं औषध असेल तर त्याच्या चिठ्ठीवरचं प्रमाण बघा, कारण डेल्टामेथ्रिन वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं आणि दोन बाटल्यांचं प्रमाण एक नसतं. आधी अर्धा पंप पाणी, मग औषध, मग ढवळून उरलेलं पाणी. द्रावण त्याच दिवशी संपवा, ॲमिट्राझचं कालवलेलं पाणी ठेवलं की त्याचा जोर जातो.

आता खरी गोम. मोठ्या गाईला तीन ते पाच लिटर द्रावण लागतं. आपण एका पंपात पंधरा गाई उरकतो. बारा गाईंना चार लिटरप्रमाणे 48 लिटर, म्हणजे तीन भरलेले पंप. एवढं नसेल तर फवारणी पुढे ढकला, पण पातळ किंवा तुटपुंजी करू नका. अर्धवट औषधाने कमजोर गोचिडी मरतात, चिवट राहतात आणि अंडी तीच घालतात.

### क्रम

1. आदल्या दिवशी खरारा करा, शेण-चिखल धुऊन काढा. फवारणीच्या वेळी अंग कोरडं हवं. ओल्या अंगावर औषध पातळ होऊन वाहून जातं.
2. धार आधी काढून घ्या. पोटभर पाणी पाजा, तहानलेली गाय अंग चाटते.
3. वेळ सकाळची किंवा ऊन कलल्यावरची. पाऊस येण्याची चिन्हं असतील तर नको.
4. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तोंडाला फडकं, हातात मोजे, खिशात तंबाखूची पुडी नको.
5. पाठीवर सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात, कारण ते सोपं. गोचिडी बसतात त्या जागी आधी: शेपटीच्या मुळाखाली, जांघेत, कासेमागे, पुढच्या पायांच्या काखेत, गळ्याच्या पोळीच्या घड्यांत, खुरांच्या बेचक्यात. मग पोट, बाजू आणि शेवटी पाठ.
6. केसांच्या उलट दिशेने मारा, म्हणजे द्रावण कातडीपर्यंत पोहोचतं.
7. कान आणि तोंडाभोवती पंप नको. द्रावणात भिजवलेलं फडकं पिळून कानाच्या आतली पाळी आणि कानामागचा भाग पुसा. डोळे टाळा.
8. लहान वासरांवर पंप मारू नका, फडक्याने पुसा, तेही चिठ्ठीवर त्या वयाला परवानगी असेल तरच. ताप असलेल्या, अशक्त किंवा अंगावर जखमा असलेल्या जनावराला डॉक्टरांना विचारूनच.

गाभण गाईबद्दल दुकानात नाही, डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या धारेआधी सड स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायला विसरू नका.

तपासा: जांघेत हात घाला. कातडी ओली लागली पाहिजे. फक्त केस ओले असतील तर पुन्हा मारा. पुढच्या दोन तासांत कुणी लाळ गाळत असेल, थरथरत असेल, पोट फुगलं असेल किंवा गुंगीत दिसत असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि औषधाची बाटली हातात धरून डॉक्टरांना फोन करा. बाटलीवरचं नाव वाचून दाखवता आलं पाहिजे.

पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन वापरत असाल तर ते खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत मणक्याच्या रेषेत ओतायचं. त्यात पाणी मिसळायचं नाही, ते अंगभर चोळायचंही नाही.

## टप्पा 5: त्याच दिवशी गोठा

त्याच दिवशी, उद्या नाही. गाई फवारून पुन्हा त्याच गोठ्यात बांधल्या तर औषधाचा असर उतरेपर्यंत फटीतल्या गोचिडी थांबतात. बिनरक्ताच्या त्या कित्येक महिने जगू शकतात. आपल्यापेक्षा त्यांना धीर जास्त.

जनावरं बाहेर झाडाखाली. पोती, जुनी दावी, फाटकी झूल गोठ्यापासून लांब नेऊन जाळा, धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका. मग शेण, उरलेली वैरण, कचरा खरवडून काढा. शेण साचलेल्या जमिनीवर औषध मारणं म्हणजे शेणाला औषध पाजणं.

खडूच्या खुणांपासून सुरुवात करा. दगडी भिंत आणि काँक्रीट असेल तर फटींत फ्लेम गन चालते, आणि अंड्यांवर तिच्याइतका भरवसा कशाचाच नाही, कारण फवारणीने अंडी मरतील असं धरून चालता येत नाही. पण छप्पर पाचटाचं असेल, वर कडबा रचलेला असेल किंवा वायर लोंबकळत असेल तर फ्लेम गनचा विचारही नको. पेटवायच्या आधी दोन बादल्या पाणी शेजारी ठेवा.

नंतर फवारणी: भिंती खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत, खांब, गव्हाणीची बाहेरची बाजू, खुंटांभोवती, गोठ्याबाहेरचा चार-पाच हातांचा पट्टा. गोठ्यासाठीचं प्रमाण गाईच्या अंगावरच्या प्रमाणाहून वेगळं असू शकतं, चिठ्ठी पाहा. सुकल्यावर गव्हाण आतून धुवा, मगच वैरण टाका.

आणि मग फटी बुजवा. सिमेंटने लिंपून वरून चुन्याची सफेदी. ज्याच्याकडे दगडमातीची जुनी भिंत आहे त्याने औषधावर पैसे घालण्याआधी या भिंतीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फट नाही तर हायलोमाला कात टाकायला जागा नाही.

कोंबड्या सोडल्या तर गोचिडी वेचून खातात, हे खरं आहे. पण फवारणी केल्यावर औषधाने मेलेल्या गोचिडी टिपायला त्यांना लगेच सोडू नका. आणि कोंबड्या आहेत म्हणून बाकी काही करायचं नाही, असंही नको.

## टप्पा 6: कॅलेंडरवर खूण, मनात नाही

पहिल्या फवारणीनंतर गाई लख्ख दिसतात आणि काम तिथेच थांबतं. पण त्या दिवशी जी अंडी जमिनीत होती ती पुढच्या काही आठवड्यांत फुटणार असतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणा करा: आज, पंधरा दिवसांनी, तीस दिवसांनी, पंचेचाळीस दिवसांनी. दर वेळी गाय आणि गोठा दोन्ही. उन्हाळा संपतानाची पहिली फेरी चुकवू नका, पावसाळ्यात ती भरून निघत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर दोन फवारण्यांतलं अंतर जास्त दिलं असेल तर ते पाळा.

मधल्या दिवसांत रोज धारेच्या वेळी एक फेरी: शेपटीखाली, कासेमागे आणि कानात हात. मिळेल ती गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि डब्यात टाका.

तपासा: फवारणीनंतर दोन दिवसांनी पाच गाई निवडा. जिवंत, हलणाऱ्या गोचिडी अजून दिसत असतील तर आधी मात्रा आणि द्रावणाचं प्रमाण आठवा. दोन्ही बरोबर असतील तर औषधाचा गट बदला.

## टप्पा 7: लस आणि नवी गाय

थायलेरियाची लस भारतात बनते. ती जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंची असते आणि द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. म्हणून दुकानातल्या फ्रिजमधून कुणी ती काढून देत असेल तर घेऊ नका. दोन महिन्यांच्या वरच्या निरोगी संकरित वासरांना आणि कालवडींना ती प्रामुख्याने देतात, शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला नाही. ताप असलेल्या जनावरालाही नाही. आणि ती फक्त थायलेरियापासून वाचवते. बबेसिया, ॲनाप्लाझ्मा आणि गोचीड स्वत: तशाच राहतात. "लस दिलीय" म्हणून पंप माळ्यावर टाकणारे मी पाहिलेत.

आता बाजारातून आणलेली गाय. लोणी, घोडेगाव, सांगोला किंवा थेट परराज्यातून, कुठूनही आणा, तिला पहिल्या दिवशी दावणीत बांधू नका. दोन्ही बाजूंनी धोका आहे. ती बरी होऊन गेलेली वाहक असू शकते, अंगात जंतू आहेत पण दिसायला धडधाकट. खिलार, डांगी, देवणीसारखी आपली देशी जनावरं गोचीड ताप बऱ्यापैकी झेलतात, पण वाहक तीही असतात. उलट, गोचिडी नसलेल्या भागातून आलेली गाय तुमच्या गोठ्यातल्या गोचिडींना पहिल्यांदाच सामोरी जाते आणि दोन-तीन आठवड्यांत पडते. मग आपण म्हणतो, व्यापाऱ्याने आजारी गाय गळ्यात मारली.

नव्या गाईसाठी कमीत कमी 21 दिवस, जमलं तर 30 दिवस, लांब आणि फटी नसलेली जागा ठरवून ठेवा, गाय आणायच्या आधी. टेम्पोतून उतरवल्याबरोबर कान, शेपूट, कास, जांघ तपासा. टेम्पोतला पेंढा आणि तिच्याबरोबर आलेलं दावं तिथेच जाळा. प्रवासाचा शीण उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फवारणी. रोज सकाळी ताप वहीत. काचपट्टी एकदा तपासून घ्या, मात्र पट्टीत काही दिसलं नाही म्हणून गाय वाहक नाही असं धरू नका. पहिले दोन आठवडे ताप सरळ असतो आणि माणूस कंटाळतो. पंधराव्या दिवसानंतरच्या नोंदी जास्त महत्त्वाच्या आहेत, वही तेव्हा बंद करायची नाही.